एक नोंदणीकृत मतदार

आमच्या घरातले सगळे फॉर्म मी भरायचे. आम्ही अमेरिकेत आलो तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि इचलकरंजीच्या शाळेत माझी सातवी झाली होती. अमेरिकेतल्या आत्यानं आमच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करून इतकी वर्षं लोटली होती की मी जन्माला आले तेव्हाही घरात त्या अर्जाबद्दल बोलणं चालायचं म्हणे. ओहायोतल्या कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात बाबांनी वीजकंपनीचा कागद माझ्यापुढे ठेवला. "वाच बघू, काय म्हणतात ते." तेव्हापासून शाळेचे, दवाखान्याचे, भाड्याच्या घराचे, बाबांच्या गोदामातल्या नोकरीचे, सगळे कागद माझ्याकडे यायला लागले. बाबा खाली सही करायचे. सही करण्याआधी फक्त विचारायचे, "तू वाचलंस ना?"

मी हो म्हणायचे. बहुतेक वेळा वाचलेलं असायचंही.

आम्ही तिघंच आलो. अर्ज रांगेत असतानाच ताईनं एकविशी ओलांडली आणि तिचं नाव आमच्या कागदांतून गळलं. ती आजीजवळ राहिली, पुढं तिचं लग्न झालं. लग्न झालेल्या मुलीसाठी अर्ज करायचा तर बाप इथला नागरिक असावा लागतो, नुसत्या ग्रीन कार्डावर भागत नाही. बाबांना नागरिकत्व हवं होतं ते एवढ्यासाठीच. तिचा नंबर लागायला त्यानंतरही कितीतरी वर्षं जातील हे त्यांना माहीत होतं. ते म्हणायचे, "रांगेत उभं तरी करू दे तिला. मग मी मेलो तरी चालेल."

दोन हजार आठच्या जानेवारीत त्यांची मुलाखत झाली. त्याआधी कितीतरी महिने गोदामातल्या जेवणाच्या सुट्टीत ते प्रश्नोत्तरांचा कागद घेऊन बसायचे. इचलकरंजीत ते पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. त्यांचं शिक्षण नववीपर्यंतचं. सिनेटर किती, न्यायाधीश किती, पहिला राष्ट्राध्यक्ष कोण, हे सगळं त्यांनी मराठी अक्षरांत लिहून पाठ केलं. मुलाखतीहून आले तेव्हा हातात एक कागद होता. त्यावर इंग्रजीत अभिनंदन असं लिहिलं होतं, परीक्षा उत्तीर्ण झाल्याची खूण होती आणि शपथविधीची तारीख नंतर कळवू असं होतं. अधिकाऱ्यानं हात मिळवला होता. बाबांनी बूटही न काढता ताईला फोन लावला. "पास झालो गं!"

मी तो कागद वाचला. मीच वाचला. आमच्या घरात पदवीपर्यंत कुणी पोचलेलं नव्हतं, कॉलेजात जाणारी मी पहिली. पण निकाल म्हणजे काय हे इचलकरंजीत सगळ्यांना माहीत असतं. निकाल लागला की माणूस पास. पदवीदान समारंभ नंतर कधीतरी होतो, त्याला गेलं काय नि न गेलं काय. शपथविधी म्हणजे तसंच काहीतरी, झेंडा हातात घेऊन फोटो काढायचा, असं मी धरून चालले. मला शंका आली नव्हती असं मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. एवढंच सांगते, की आली असली तरी मी कुणाला विचारलं नाही.

त्याच सुमारास आमच्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापिकेनं एक निबंध लिहायला दिला. मोठ्या कंपनीचा माजी प्रमुख राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून यशस्वी होऊ शकतो का? त्या हिवाळ्यात असा एक माणूस रिंगणात होता, त्यामुळे प्रश्न ताजा होता. तीन माणसांशी बोलायचं, त्यांतला निदान एक आपल्या राज्यातला नोंदणीकृत मतदार असावा, अशी अट होती.

माणसं मिळणं अवघड नव्हतं. आई डब्लिनमधल्या मराठी घरांना पोळ्या करून द्यायची आणि शनिवारी मी आणि बाबा त्या पोचवायचो. ती सगळी घरं पुण्या-मुंबई-नागपूरहून आलेल्या सॉफ्टवेअरवाल्यांची. एका काकांकडे त्या शनिवारी चार-पाच जण टीव्हीपुढे जमले होते आणि उमेदवारांचा वादविवाद रेकॉर्ड करून ठेवलेला बघत होते. मी डबा काकूंकडे दिला आणि वही काढली.

"काका, एक विचारू? कॉलेजसाठी आहे."

"विचार की बेटा. बसा ना, तुम्ही पण बसा," काका बाबांना म्हणाले. बाबा दाराजवळच उभे राहिले. बूट काढायला लागतील म्हणून ते कधी आत येत नसत.

प्रश्न ऐकल्यावर सगळेच एकदम बोलायला लागले. "हंड्रेड पर्सेंट होऊ शकतो. यार, देश म्हणजे काय, एक लॉसमध्ये गेलेली कंपनी. सीईओ आणा, रीस्ट्रक्चर करा, संपलं."

"आणि रीस्ट्रक्चरमध्ये तूच उडालास तर?"

"मी उडालेलाच आहे. माझं प्रोजेक्ट मार्चमध्ये एंड होतंय."

"अरे, कंपनीत बोर्डला खूश ठेवलं की झालं. इथं प्रचारात आयोवातल्या म्हाताऱ्या आजीला पण खूश ठेवायला लागतं. तिच्या किचनमध्ये बसून ॲपल पाय खायला लागतो. हा माणूस बघ, पाय खाताना पण प्रेझेंटेशन देतोय असं वाटतं."

"मग तू कुणाला व्होट करणार?" एका काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"मी? माझं ग्रीन कार्ड चार वर्षं पेंडिंग आहे. मी नुसता कॉमेंटेटर!"

सगळे हसले. मी वहीत लिहून घेत होते आणि लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं, की त्या खोलीत एवढी ठाम बोलणारी माणसं आहेत आणि त्यांतल्या एकालाही मत देता येत नाही. सोफ्यावर पलीकडे काकांचा मुलगा फोनवर खेळत होता. तो इथंच जन्मलेला. मी त्याला विचारलं तर तो मान वर न करता इंग्रजीत म्हणाला, "मी पंधरा वर्षांचा आहे."

परत येताना गाडीत बाबा म्हणाले, "तो खरंच कंपनीचा मालक होता?"

"मालक नाही, प्रमुख."

"म्हणजे माणसं हाताखाली होती. मग जमेल त्याला. कुठला माग चालू ठेवायचा, कुठला बंद करायचा, हे ज्याला कळतं त्याला बाकीचं शिकवता येतं." थोड्या वेळानं ते म्हणाले, "आमचे मालक उभे होते एकदा. नगरपालिकेला, आमच्याच वॉर्डातून."

"निवडून आले?"

"कसले येतात! डिपॉझिट गेलं. एवढे कामगार, त्यांच्या बायका, सगळे त्याच वॉर्डात. प्रचाराला सगळे पुढं, जेवणाला सगळे पुढं. आणि पेट्या उघडल्या तर कुणीच नाही."

मी हे सगळं लिहून घेतलं. काकांकडची दोन माणसं झाली होती. मतदार तेवढा राहिला.

आमच्या शेजारी एक म्हातारे गोरे गृहस्थ राहायचे. रोज बाबांना हात करायचे. त्यांचं दार वाजवून पाच मिनिटं मागायची, एवढंच काम होतं. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. काय बोलायचं ते इंग्रजीत मनात जुळवलं, आणि दोन्ही वेळा परत आले. तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या वाचनालयाबाहेर मतदार नोंदणीचं टेबल दिसलं. नोंदणीची मुदत संपत आली होती. मी एक फॉर्म उचलला.

घरी बाबांनी विचारलं, "मला चालतं का आता?"

"पास झालात ना तुम्ही?"

"झालो की."

फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता, तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का? मी 'हो'च्या चौकोनात खूण केली. माझी स्वतःची नोंदणी मी केली नाही, कारण माझा नागरिकत्वाचा अर्ज अजून भरायचा होता. एवढा फरक मला कळत होता. म्हणूनच मला वाटलं की आपण नियमानं चाललोय.

"तू वाचलंस ना?" म्हणत बाबांनी सही केली. मग पेन खाली ठेवून ते जरा हसले. "त्या कंपनीवाल्याला देतो मी. एक तरी पडू दे त्याला कामगाराचं."

मी निबंधात लिहिलं, की माझ्या तिसऱ्या व्यक्तीचं, म्हणजे ओहायोतले नोंदणीकृत मतदार असलेल्या माझ्या वडिलांचं, असं मत आहे. निष्कर्ष असा काढला, की हो, यशस्वी होऊ शकतो. गुण चांगले मिळाले. शेवटच्या पानावर प्राध्यापिकेनं शाईनं लिहिलं होतं, 'तुझा निष्कर्ष एकीकडे जातो आणि वडिलांची गोष्ट दुसरीकडे. मला गोष्ट जास्त खरी वाटते. त्या नगरपालिकेच्या निवडणुकीत तुझ्या वडिलांनी कुणाला मत दिलं होतं?'

मी बाबांना विचारलं. ते बूट पुसत होते.

"मीपण नव्हतं दिलं," ते म्हणाले.

"का?"

"त्याच्या आदल्या दिवाळीला मिठाईचे बॉक्स घ्यायला आम्हाला ओळीत उभं केलं होतं. प्रत्येकाला स्वतःच्या हातानं बॉक्स दिला त्यांनी. बारा जणांना बॉक्स देताना सांगितलं, की पाडव्यापासून यायचं नाही. आवाज तोच, हसणंही तेच. माझा शेजारी त्यांत होता. त्यानं तो बॉक्स घरीही नेला." बाबा ब्रश खाली ठेवून म्हणाले, "माणूस वाईट नव्हता. कारखाना चालवायचा म्हणजे हे करावंच लागतं. पण शिक्का मारायला गेलो आणि हात जाईना."

"मग इथं का देताय?"

"तेव्हा दिलं नाही याचं वाईट वाटलं होतं. त्यांचं मीठ खाल्लं होतं मी."

बाबांना इथं मत द्यायला मिळालंच नाही. पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठीचं मतदान आमच्या राज्यात व्हायच्या आधीच त्या उमेदवारानं माघार घेतली. बाबांनी बातमी ऐकली आणि म्हणाले, "मग आता जाऊन काय करू? बाकीच्यांची मला माहितीच नाही." मतदानाच्या दिवशी ते गोदामात जादा पाळी करून आले.

एप्रिलमध्ये शपथविधी होता, कोलंबसच्या कोर्टाच्या इमारतीत. बाबांनी एका काकांकडून कोट मागून आणला होता, तो खांद्यावर जरा मोठा होत होता. आईनं डब्यात बर्फी घेतली होती. मोठ्या दालनाबाहेर रांग होती. रांगेच्या टोकाला टेबलामागे एक बाई बसल्या होत्या. त्या प्रत्येकाचं पत्र तपासायच्या आणि ग्रीन कार्ड परत घ्यायच्या. ते कार्ड आता लागणार नव्हतं. बाबांनी आपलं कार्ड दोन्ही हातांनी दिलं.

तेवढ्यात दोन वयस्कर स्वयंसेविका रांगेतून फॉर्म वाटत आल्या. शपथ झाल्यावर भरायचे मतदार नोंदणीचे फॉर्म. एकीनं बाबांपुढे एक धरला. बाबांनी हसून हात हलवला आणि जेवढं इंग्रजी येत होतं तेवढ्यात सांगितलं, "नको, थँक यू. माझं आधीच झालंय. माझ्या मुलीनं जानेवारीत केलं."

अभिमानानं सांगितलं त्यांनी. जरा मोठ्यानंही, मला ऐकू यावं म्हणून.

टेबलामागच्या बाईंनी मान वर केली. त्यांनी बाबांना परत विचारलं. बाबांनी परत तेच सांगितलं, अजून हसत. बाई उठून आत गेल्या आणि एका गृहस्थांना घेऊन आल्या. मला आणि बाबांना बाजूच्या खोलीत नेलं. त्या गृहस्थांनी मला समजावून सांगितलं, मी बाबांना सांगितलं. आज शपथ घेता येणार नाही. शपथ होईपर्यंत माणूस नागरिक नसतो. नागरिक नसताना नागरिक आहे असं लिहून देणं हा गंभीर प्रकार आहे. पुढचं पत्रानं कळेल. ते रागावले नव्हते. त्यांनी बाबांचं कार्ड आणून परत त्यांच्या हातात ठेवलं.

बाहेर आलो तेव्हा दालनाचं दार उघडं होतं. आतून सगळ्यांनी एकत्र म्हटलेली शपथ ऐकू येत होती. आई हळूच म्हणाली, "अहो, काय झालं? आत का जात नाही आपण?" बाबा कार्डाकडे बघत उभे होते. बर्फीचा डबा गाडीच्या मागच्या सीटवर तसाच राहिला आणि आठवड्यानं आईनं तो धुवून टाकला.

आम्ही एक वकीलबाई गाठल्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, "त्यांनी मत दिलं का?"

"नाही."

"नक्की? का नाही दिलं?"

"त्यांना ज्याला द्यायचं होतं त्यानं माघार घेतली."

वकीलबाईंनी खुर्चीला पाठ टेकली. नुसती नोंदणी असेल तर अधिकाऱ्याला समजावता येईल, म्हणाल्या. मत दिलं असतं तर खटला झाला असता, कदाचित देशही सोडावा लागला असता. मग त्या म्हणाल्या, "तो माणूस हरला म्हणून तुमचे वडील वाचले." मी हे वाक्य बाबांना सांगताना अडखळले. ते ऐकून घेऊन नुसतं "अस्सं" म्हणाले.

फॉर्म कुणी भरला हे लिहून द्यावं लागेल, असं वकीलबाईंनी सांगितलं. निबंधही पुरावा म्हणून जोडता येईल, कारण त्यात नोंदणी कशासाठी झाली ते दिसतं. बाबा नाही म्हणाले. वकिलाच्या ऑफिसात एकदा आणि घरी आल्यावर चार वेळा.

"तुझं नाव त्यात यायचं नाही. उद्या तुझा अर्ज जाईल तेव्हा हेच काढून दाखवतील. मी सांगतो, मीच भरला."

"बाबा, अक्षर माझं आहे."

"अक्षर कोण बघतंय!"

"ते बघतात."

"मग म्हणावं, मीच सांगितलं होतं तसं लिहायला."

"तुम्ही नव्हतं सांगितलं."

मी तो जबाब लिहिला. चौकोनात खूण मी केली, वडिलांनी वाचलं नाही, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली. इंग्रजीत ती तीनच वाक्यं होती. मला ती लिहायला दोन दिवस लागले, कारण प्रत्येक वेळी मला वाटायचं की आणखी काहीतरी लिहायला हवं. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांचं दार मी वाजवलं नाही, हेही. पण ते त्यांच्या कामाचं नव्हतं.

ऑगस्टमध्ये बाबांना पुन्हा बोलावलं. मला आत सोडलं नाही, वकीलबाई गेल्या आणि दुभाषी दिला. बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या की अधिकाऱ्यानं फॉर्म कोणी भरला हे विचारलं तेव्हा बाबा आधी "मीच" म्हणाले. मग अधिकाऱ्यानं माझा जबाब पुढं केला. शपथेवर दिलेलं एक खोटं उत्तर. वकीलबाईंनी बरीच सारवासारव केली असणार.

सप्टेंबरच्या शेवटी पत्र आलं. अर्ज नामंजूर. प्रकरण कोर्टाकडे पाठवलेलं नाही, एवढीच बरी गोष्ट. ग्रीन कार्ड राहील. वकीलबाईंच्या मते काही वर्षं अगदी स्वच्छ गेल्याशिवाय पुन्हा अर्ज करण्यात अर्थ नव्हता, आणि तेव्हाही हे सगळं नव्यानं सांगावं लागेल.

त्या काळात टीव्हीवर दिवसभर बँका बुडाल्याच्या बातम्या चालायच्या. आम्ही पोळ्या द्यायला जायचो तेव्हा काका मंडळी आता वेगळंच बोलायची. "बघितलंस, सीईओ लोकांनी काय करून ठेवलंय! आणि आपण म्हणत होतो देश द्या यांच्या हातात." ज्यांचं प्रोजेक्ट मार्चमध्ये संपणार होतं ते काका त्यांच्यात नव्हते, ते कुटुंबासकट पुण्याला परत गेले होते. आईच्या यादीतून एक घर कमी झालं.

मला कुणी आता निबंधाचा तोच प्रश्न विचारला तर मी काय लिहीन, मला नक्की माहीत नाही. कदाचित असं लिहीन, की कंपनीत ज्याला काढलं तो दारातून बाहेर गेला की प्रमुखाला पुन्हा दिसत नाही. निवडणुकीत तोच माणूस शिक्का हातात घेऊन समोर येतो. बाबांना हे इचलकरंजीत कळलं होतं आणि त्यांनी ते मला सांगितलंही होतं. मी ते निबंधात उतरवून घेतलं आणि निष्कर्ष काकांचा लिहिला, कारण काका शिकलेले होते.

ताईला सांगायचं बाकी होतं. बाबा प्रत्येक रविवारी तिला "तारीख पडायचीय" म्हणायचे. ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी त्यांनी फोन लावला, हवापाणी विचारलं, आणि एकदम फोन माझ्या हातात देऊन ते खिडकीकडे गेले.

"काय झालं गं?" ताईनं विचारलं. "बाबांचा आवाज असा का?"

"बाबांचं नागरिकत्व नामंजूर झालं."

"नापास झाले?"

"नाही. पास झाले होते."

"मग?"

मी सांगितलं. फॉर्म, चौकोन, निबंध, सगळं. मागून तिच्या मुलाचा आवाज येत होता, तो काहीतरी खायला मागत होता.

"मी पेढे वाटले होते गं इथं," ती म्हणाली. "सासरी सगळ्यांना सांगितलं होतं."

"हो."

"तू वाचलं नव्हतंस का नीट?"

बाबांनी मला हा प्रश्न आयुष्यभर विचारला होता आणि मी दर वेळी हो म्हटलं होतं. मी म्हणाले, "नाही, ताई. नव्हतं वाचलं."

"बरं," ती म्हणाली. "बाबांना दे फोन."

मी फोन पुढं केला. बाबा खिडकीजवळून हलले नाहीत. मग त्यांनी हात पुढं करून तो घेतला आणि कानाला लावला. आई स्वयंपाकघरात कणीक मळायची थांबली होती. टेबलावर माझ्या स्वतःच्या नागरिकत्वाचा अर्ज कोराच पडला होता.